वळायला जागा असेपर्यंत

डेन्व्हरच्या वायव्येला ज्या विमानतळावर आमच्या फ्लाइंग क्लबचं सेसना १८२ उभं असतं, त्याची उंची ५,६७३ फूट. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याहून उंच जागी आमची चाकं अजून जमिनीवरच असतात. तिथून उडून पश्चिमेला तोंड केलं की थोड्याच वेळात रॉकी पर्वताची मुख्य धार समोर येते, बारा-तेरा हजार फुटांची, आणि तिच्या मागे चौदा हजारांवरची पन्नासाहून अधिक शिखरं. आमच्याकडे एक इंजिन, चार आसनं आणि बाहेर असेल तीच विरळ हवा आत घेणारी केबिन. नोकरी सॉफ्टवेअरची, हा नाद शनिवार-रविवारचा. बरीच वर्षं जोपासलेला.

बारामती, धुळे, गोंदियाला किंवा इकडे टेक्सास-फ्लोरिडात विमान चालवायला शिकलेली आपली मुलं अधूनमधून भेटतात. हात चांगला असतो, नियम तोंडपाठ असतात. पण सपाट मुलखात शिकलेला माणूस एक गोष्ट न बोलता गृहीत धरतो: काही बिनसलं तर वळू आणि परत येऊ. डोंगरात सगळ्यात आधी संपते ती वळायची जागा. इंजिन, पेट्रोल, प्राणवायू यांची पाळी त्यानंतर. त्या मुलांना जे सांगतो ते इथे लिहून काढतो आहे. क्रमाला फार अर्थ नाही, पहिला मुद्दा मात्र पहिलाच.

१. दरीच्या मधोमध उडू नये आणि रस्त्याच्या मागे जाऊ नये.

दोन्ही कड्यांपासून सारखं अंतर ठेवलं की नवख्याला सुरक्षित वाटतं. हिशोब वेगळं सांगतो. ३० अंश कलून ९० नॉटच्या वेगाने अर्धं वर्तुळ मारायला साधारण २,५०० फूट रुंदी लागते. तेच १२० नॉटने मारायचं तर ४,४०० फूट. वेग सव्वापटीहून थोडा जास्त, जागा पावणेदोनपट. त्यात उंचीवर काटा खरं सांगत नाही. दर हजार फुटांमागे खरा वेग काट्यापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी वाढत जातो. १२,००० फुटांवर काट्यावरचे ९० म्हणजे प्रत्यक्षात ११०च्या वर. अशा वेळी जो मधून उडतो त्याने अर्धी दरी आधीच सोडून दिलेली असते. म्हणून एका अंगाला, वारा ज्या उतारावर चढत असेल त्या अंगाला धरून उडायचं. तिथे वारा थोडा उचलूनही धरतो, आणि वळायची वेळ आली तर अख्खी दरी आपली.

२ ऑक्टोबर १९७० रोजी विचिटा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला घेऊन एक मार्टिन ४०४ विमान डेन्व्हरहून निघालं. दोन इंजिनांचं, आमच्या सेसनापेक्षा कितीतरी मोठं, आणि मर्यादेपेक्षा जास्त भरलेलं. खेळाडूंना पर्वत दाखवावा म्हणून वैमानिकांनी निसर्गरम्य वाट धरली, क्लिअर क्रीकच्या दरीची. त्या वाटेचा नकाशा डेन्व्हरला इंधन घेताना विकत घेतलेला. दरी चढत गेली, विमानाला तितकं चढवेना. वळायचं ठरलं तेव्हा दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले होते. ३१ जण गेले. अपघात म्हटला की लोक इंजिनाचं विचारतात. इथे दरी अरुंद होत गेली आणि वळायचा निर्णय काही मिनिटं उशिरा झाला.

आज त्याच दरीतून इंटरस्टेट ७० हा महामार्ग जातो. खाली ट्रक दिसताहेत म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत, अशा भरवशाने त्याच्यामागे जाणारे अजूनही असतात. तो महामार्ग सुमारे ११,००० फुटांवर आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो. बोगदा मोटारींसाठी आहे.

या दरीत डोळेही फसवतात. जमीन हळूहळू चढत असली की तीच सपाट वाटायला लागते, आणि तिच्याशी समांतर राहण्यासाठी हात नकळत नाक उचलतो. वेग पाच नॉट, दहा नॉट गळत जातो. माणूस मात्र खिडकीबाहेरची सुंदर झाडं बघत असतो. दर मिनिटाला वेगाच्या काट्याकडे बघायची सवय यासाठीच लावून घ्यायची. अनोळखी दरीत शिरायचंच असेल तर उंचावरून पलीकडे जावं आणि वरच्या टोकाकडून खाली उतरत यावं. उताराच्या दिशेने उडणाऱ्याला पर्याय मिळत राहतात.

२. खिंडीला समोरून भिडू नये.

भर पावसात नाणेघाटात उभं राहिलेल्याला हे अर्धं आधीच ठाऊक असतं. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि धबधब्याचं पाणी उलटं फेकतो. कामशेटचे पॅराग्लायडर अशाच चढत्या वाऱ्यावर तासन्‌तास तरंगतात. उरलेलं अर्धं असं, की एका अंगाने चढलेला वारा धारेच्या पलीकडे उतरतो. तिकडे उलटा धबधबा नसतो, त्यामुळे तो दिसत नाही.

रॉकीजवर वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेल्याला त्यामुळे खिंडीच्या अलीकडेच उतरता वारा भेटतो, म्हणजे डोंगर पुढ्यात असताना. परत येताना तोच वारा खिंड ओलांडल्यावर भेटतो आणि खाली जमीनही उतरत असते. जाणं आणि येणं यांत धोक्याचा फरक आहे, हे नकाशावर कुठेही छापलेलं नसतं.

नियम साधे आहेत. धारेवर किमान २,००० फूट उंची, आणि तीही धारेशी पोचायच्या कितीतरी आधी. धारेच्या उंचीवर वारा २५ नॉटहून जास्त असेल तर आमच्यासारख्या विमानाने त्या दिवशी जाऊच नये. आणि धारेकडे सरळ न जाता ४५ अंशांत तिरकं जावं. सरळ गेलेल्याला परतायला अर्धं वर्तुळ मारावं लागतं. तिरकं गेलेल्याला पाव वर्तुळात उतार मिळतो.

हा पाव वर्तुळाचा फायदा मी रोलिन्स पासपाशी अनुभवला आहे. अंदाज होता धारेवर १८ नॉटचा. १३,५०० फुटांवर तिरके चाललो होतो, धार दोनेक मैलांवर. धक्का नाही, आवाज नाही, फक्त चढ-उताराचा काटा शून्यावरून खाली गेला आणि मिनिटाला ८०० फुटांवर टेकून राहिला. थ्रॉटल पुरता आत होता. त्या उंचीवर आमचं विमान चढून चढून किती चढणार, मिनिटाला तीनशे फूट? समोर एक खूण बघायची असते: धारेच्या मागचा मुलूख जास्त जास्त दिसायला लागला तर आपण धारेवरून जाणार, कमी कमी दिसायला लागला तर नाही. मागे विंटर पार्कची दरी दिसत होती, ती धारेआड बुडायला लागली. डावीकडे बसलेल्याच्या हाताला अशा वेळी एकच काम करावंसं वाटतं, योक ओढून नाक वर करावं. त्याने फक्त वेग जातो. बुडणाऱ्या हवेतलं विमान बुडतच राहतं, वर आणखी सावकाश होऊन तिथेच जास्त वेळ काढतं. नाक किंचित खाली, वेग वाढवायचा आणि उताराकडे वळायचं. मी पूर्वेला वळलो. मिनिटभरात काटा शून्यावर आला, खाली बोल्डरकडचा पायथा आणि त्यापुढे सपाट मैदान. एकंदर हजाराच्या आसपास फूट गेले होते. परत प्रयत्न केला नाही. घरी येऊन पोहे खाल्ले.

हिवाळ्यात धारेच्या पूर्वेला गुळगुळीत काठांचे, तासन्‌तास एकाच जागी उभे राहिलेले ढग दिसतात. लोक त्यांचे फोटो काढतात. वारा त्यांच्यातून वाहत असतो, ढग तेवढा जागचा हलत नाही. त्यांच्या खाली, धारेच्याच उंचीला कधी कधी फाटक्या ढगांची एक रांग गरगरत असते. तिच्यात लहान विमानाचं काय होतं याचे अहवाल उपलब्ध आहेत, ते वाचून समाधान मानावं.

३. अल्टिमीटर उंची सांगतो. विमानाला काय वाटतंय ते वेगळं मोजावं लागतं.

लेडव्हिलचा विमानतळ ९,९३४ फुटांवर आहे, उत्तर अमेरिकेतला सर्वात उंच. तिथे उतरलेल्या वैमानिकाला ऑफिसात एक प्रमाणपत्र मिळतं आणि ते घ्यायला लोक लांबून येतात. उतरणं सोपं असतं. परत उडणं हा परीक्षेचा भाग.

त्या उंचीला हवेचं प्रमाण तापमान उणे पाच अंश धरतात. जुलैच्या दुपारी तिथे २५ अंश असेल तर गरम, पसरलेली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी तो विमानतळ साडेतेरा हजार फुटांवर असतो. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. आता सेसना १७२ घ्या, ज्यावर बहुतेक जण शिकतात. त्याच्या अलीकडच्या मॉडेलची कमाल उंची कंपनीने १४,००० फूट दिलेली आहे. म्हणजे धावपट्टीवर उभं असतानाच विमान छताला टेकलेलं. १८० अश्वशक्तीचं इंजिन तिथे सव्वाशेच्याही खाली येतं. पंख्याला कापायला हवा कमी, पंखांना उचलायला हवा कमी.

समुद्रसपाटीवर शिकलेला मुलगा इथे एक ठरावीक गोष्ट करतो: मिक्श्चरची लाल गुंडी पूर्ण आत ढकलून उड्डाणाला सज्ज होतो, कारण चेकलिस्टने त्याला तसंच शिकवलेलं असतं. विरळ हवेत तेवढं पेट्रोल जळत नाही आणि उरलेली ताकदही जाते. ब्रेकवर उभं राहून पूर्ण थ्रॉटल द्यायचा, गुंडी हळूहळू बाहेर ओढायची, फेरे वाढत वाढत जिथे सर्वात जास्त होतात ती जागा गाठायची आणि तिथून किंचित आत. कान आणि काटा दोन्ही सांगतात. मागे बसलेल्या पाहुण्यांना वाटतं काहीतरी बिघडलं.

धावपट्टीचा मध्य आधी हेरून ठेवावा, एखादा दिवा, एखादी वळणवाट. तिथवर उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही, म्हणजे ५५ नॉटला उचलणाऱ्या विमानाचे ३८-३९ झाले नाहीत, तर थ्रॉटल बंद आणि ब्रेक. संध्याकाळच्या गारव्याची वाट बघावी. लेडव्हिलला जुन्या खाणीच्या काळातलं गाव आहे, वेळ छान जातो.

उतरताना उलटी गडबड. जमीन नेहमीपेक्षा भराभर मागे पळताना दिसते, म्हणून माणूस वेग कमी करायला जातो. काट्यावरचा वेग मात्र सपाटीवर ठेवतो तोच ठेवायचा, त्याहून एक नॉटही कमी नाही.

४. वहिनींचं वजन विचारावं.

ऑक्टोबरच्या तोंडावर इथल्या ॲस्पेनच्या झाडांची पानं पिवळीधमक होतात आणि पुण्याहून पाहुणे येतात. “तुमच्या विमानातून दाखवा ना!” आमच्या विमानाला चार खुर्च्या आहेत हे खरं, पण टाक्या काठोकाठ भरल्या तर चार मोठी माणसं बसवता येत नाहीत. पेट्रोलच सव्वादोनशे किलोच्या वर जातं. खुर्च्या मोजून माणसं बसवणं हा मोटारीचा हिशोब झाला.

माझ्या घरी यावर उपाय म्हणजे दारात ठेवलेला वजनकाटा. बॅगेसकट उभं राहायचं, आकडा मी एकट्याने बघायचा, कोणाला सांगायचा नाही. एकदा एका काकूंनी हसत हसत साडेचार किलो कमी सांगितले होते. काट्याने ते परत मिळवून दिले. भर उन्हाळ्यात मी डोंगरावरून दोनच पाहुणे नेतो आणि इंधन दोन तासांच्या वर राखीव ठेवतो. उरलेल्यांना दुसरी फेरी. रुसवे होतात. चिवड्याचे डबे मोटारीने जातात.

५. दुपार डोंगराची.

उन्हाळ्यात सकाळी सहाला उडावं, अकरा-बाराच्या आत चाकं जमिनीवर असावीत. उतार तापले की हवा उसळते, दीड-दोनला शिखरांवर ढगांचे मनोरे उभे राहतात, तीनला विजा. ही रोजची गोष्ट आहे, हवामानखात्याने वेगळा इशारा देण्याची वाट पाहू नये.

६. डोंगरातल्या ढगात डोंगर असतो.

मुक्तिनाथला जाणारे मराठी यात्रेकरू पोखऱ्याहून जोमसोमला लहान विमानाने जातात. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. एका बाजूला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर, दुसऱ्या बाजूला धौलागिरी, ८,१६७ मीटर, आणि मधून काली गंडकीची दरी. विमान या शिखरांच्या कितीतरी खालून जातं. जोमसोमला दहा-अकरानंतर दरीतून वारा असा सुटतो की उड्डाणं सकाळीच उरकावी लागतात. म्हणजे ढग निघायची वाट बघायला फार वेळ नसतो, आणि नेमकी त्या थोड्या वेळात सगळ्यांना जायचं असतं.

मी तिथे प्रवासी म्हणून गेलो होतो. पोखऱ्याच्या विमानतळावर “आमचं फ्लाइट का सोडत नाही, बाकीच्यांचं सुटलं” म्हणून काउंटरवरच्या मुलीशी भांडणारे आपलेच लोक होते. टूरवाल्याने पुढचं हॉटेल भरलेलं, परतीची गाडी ठरलेली. मला त्या मुलीचं कौतुक वाटलं. ती हसून “क्लाउड छ” एवढंच म्हणत राहिली.

याच मार्गावर २४ फेब्रुवारी २०१६ रोजी एक ट्विन ऑटर डोंगराला धडकलं, २३ माणसं गेली. विमान नवं होतं. २९ मे २०२२ रोजी आणखी एक ट्विन ऑटर, २२ माणसं. त्यांत चार भारतीय होते, आपल्या ठाण्याचे. दोन्ही वेळा नजरेने बघत उडायचा मार्ग, आणि दोन्ही वेळा विमान ढगात. २०२२च्या चौकशीत दिसून आलं, की जमीन जवळ आल्याचं ओरडून सांगणारी यंत्रणा त्या विमानात होती, पण बंद करून ठेवलेली. याचं आश्चर्य वाटून घेऊ नये. अरुंद दरीत ती यंत्रणा येता-जाता ओरडते, कारण दोन्ही बाजूंना डोंगर असतोच. कान विटतात आणि कोणीतरी ती गप्प करतं. मग ज्या दिवशी तिची गरज असते त्या दिवशी ती गप्पच असते. यंत्रावर विसंबू नका, असं म्हणण्याची पद्धत आहे. मी तर म्हणेन विसंबा, आणि ते ओरडतंय अशा जागी जाऊ नका.

नेपाळातल्याच लुक्ला विमानतळाची गोष्ट निराळी. ५२७ मीटरची धावपट्टी, तिला जवळजवळ १२ टक्के चढ, खाली दरी आणि वरच्या टोकाला भिंत. उतरायला लागलं की परत उचलून फेरी मारायची सोय नाही. ८ ऑक्टोबर २००८ रोजी तिथे ऐन शेवटच्या टप्प्यात धुकं आडवं आलं आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. १८ जण गेले, वाचला तो एकटा कॅप्टन. तिथे ‘वळायला जागा’ ही दरीत शिरायच्या आधीच संपते. तिथले वैमानिक रोज हा निर्णय काही मैल आधी घेतात आणि बहुतेक वेळा बरोबर घेतात, याची बातमी होत नाही.

माझ्याकडे ढगातून उडण्याचं रेटिंग आहे. या डोंगरांत मी ते वापरत नाही. एका इंजिनाच्या विमानाला पंखांवर बर्फ धरला तर चढता येत नाही, आणि खाली उतरायला जागा नसते.

७. स्वतःच्या मेंदूवर विश्वास ठेवायच्या आधी बोट तपासावं.

कोरोनात प्रत्येक घराने ऑक्सिमीटर घेतला आणि नंतर तो औषधांच्या खणात गेला. माझा फ्लाइट बॅगेत आहे. १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहिलं तर वैमानिकाने प्राणवायू लावलाच पाहिजे, १४,००० च्या वर सतत, असा अमेरिकेतला नियम आहे. मी दहा हजारांवर नळी नाकाला लावतो. प्राणवायू कमी पडल्यावर दम लागत नाही, गुदमरत नाही. छान वाटतं. आपण फार छान उडवतोय असं वाटतं. एका मित्राला विनानळीचं बसवून मी बोट तपासलं होतं, ८३ आलं. तो गात होता, आणि विचारल्यावर त्याने सतरातून नऊ वजा करून सहा सांगितले.

८. रात्री नाही. एक इंजिन, डोंगर आणि अंधार. यावर चर्चा नको.

९. मुक्कामाचं सामान नेहमी बरोबर असावं.

दात घासायचा ब्रश, एक जोडी कपडे, फोनचा चार्जर, रोजची औषधं. ऐकायला घरगुती वाटेल, पण जवळ ब्रश असलेला माणूस चुकीच्या हवेत उडायची शक्यता कमी असते. परत जाणं भाग आहे असं वाटायला लावणाऱ्या गोष्टी फार क्षुल्लक असतात.

कोलोरॅडोने बऱ्याच खिंडींवर स्वयंचलित हवामानकेंद्रं बसवली आहेत, फोन लावला की खिंड स्वतःच वारा सांगते. एका रविवारी आम्ही तिघे गनिसनला होतो. परतीच्या वाटेवर मोनार्क पास, ११,३१२ फूट. गनिसनला पान हलत नव्हतं, आकाश निळंशार. खिंडीचा फोन म्हणाला ३४ नॉट, झोत ४६. आमच्यातल्या एकाचं सोमवारी सकाळी मोठ्या साहेबांपुढे प्रेझेंटेशन होतं. त्याने तासाभरात पाच वेळा फोन लावला, जणू खिंडीचं मत बदलेल. मग वळसा घेऊन दक्षिणेकडच्या बुटक्या खिंडीने जाऊ म्हणाला. तिकडे जास्तच वारा होता. शेवटी मोटेल, मेक्सिकन जेवण, आणि सकाळी त्याने ते प्रेझेंटेशन मोटेलच्या पलंगावर बसून लॅपटॉपवरून दिलं, वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली चड्डी. साहेबांना कळलंही नाही. साडेनऊला आम्ही उडालो तेव्हा मोनार्कवर सहा नॉट होते.

घरातून निघाल्यावर मागे फिरू नये, असं आजी म्हणायची. तिचा हा एकच संस्कार मी डोंगराबाहेर ठेवतो.

आणि जाणतेपणाचा फार आधार धरू नये. डोंगरातल्या उड्डाणावरचं इथे सर्वात मानलं जाणारं पुस्तक स्पार्की इमेसन यांचं. माझ्या प्रतीची शिवण सुटली आहे इतकं मी ते वापरलं. २००९ मध्ये मोंटानाच्या डोंगरात विमान कोसळून इमेसन गेले. ते जे लिहून गेले त्यातलं एक अक्षरही त्याने खोटं ठरत नाही.

१०. कुठून जाणार ते सांगून जावं, आणि लागेल ते अंगावर असावं.

स्टीव्ह फॉसेट हे फुग्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेले गृहस्थ. ३ सप्टेंबर २००७ रोजी सकाळी नेवाडातल्या एका रँचवरून दोन आसनी विमान घेऊन फेरफटका मारायला निघाले. फ्लाइट प्लॅन दिलेला नव्हता, कुठे जाणार ते कोणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. त्यांना शोधायला विमानं, स्वयंसेवक, उपग्रहाची छायाचित्रं, सगळं लागलं आणि काही सापडलं नाही. वर्षभरानंतर कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्सजवळ एका गिर्यारोहकाला त्यांची ओळखपत्रं मिळाली, मग सुमारे दहा हजार फुटांवर अवशेष. चौकशीत कारण निघालं ते विमानाच्या चढण्याच्या कुवतीपेक्षा जोरात उतरणारा वारा, म्हणजे मुद्दा दोन.

आदळल्यावर आपोआप संदेश पाठवणारं यंत्र जवळजवळ प्रत्येक विमानात असतं. जुनी यंत्रं १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलतात, आणि उपग्रहांनी ती वारंवारता ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं आहे. नवी ४०६ वर बोलतात. आमच्या क्लबात यावरून तीन सभा झाल्या. जुनं यंत्र कायद्याने चालतं, मग नव्याचा खर्च कशाला, असं खजिनदाराचं म्हणणं. तो हिशोबाला पक्का आहे आणि डोंगराकडे कधी जात नाही. शेवटी डोंगरात जाणाऱ्यांनी वर्गणी काढून नवं बसवलं.

विमानाच्या मागच्या कप्प्यात ठेवलेली सुंदर सर्व्हायव्हल बॅग आग लागली तर तिथेच राहते. म्हणून मी मासेमारीचं खिशांचं जाकीट घालतो: खिशात ४०६ वरचं वैयक्तिक संदेशयंत्र, दोन लायटर, चाकू, शिट्टी, आरसा, अंगाला गुंडाळायचा चंदेरी कागद. ऑगस्टमध्येही बारा हजारांवर रात्री पाणी गोठू शकतं. पाहुण्यांना सँडल घालून बसू देत नाही. त्यावरूनही रुसवे होतात.

फ्लाइट प्लॅन देतोच. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तो बंद केला नाही तर चौकशी सुरू होते. त्याशिवाय बायकोला कागदावर लिहून देतो: कोणत्या खिंडीने जाणार, ती बंद असली तर कोणत्या, पोचायची वेळ, आणि कोणता नंबर फिरवायचा. “बघू अजून पाच मिनिटं, उगाच कशाला त्रास,” असा भिडस्तपणा करायचा नाही, हे तिला मी सांगितलं होतं. सांगायची गरज नव्हती. ती घड्याळ लावून एकतिसाव्या मिनिटाला फोन करणाऱ्यांतली आहे, त्यामुळे धारेपलीकडच्या ग्रँबीला उतरलो की विमान बांधायच्याही आधी तिला मेसेज जातो, मग कॉफी.